वजन, राहणीमान आणि अपत्यप्राप्ती : दोघांनी मिळून वाचावे असे काही



आरोग्याच्या पानावर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे विषय नेहमीचेच. मूल होण्यात येणाऱ्या अडचणींबद्दल मात्र आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. बोलणे होते ते स्वयंपाकघरात, हळू आवाजात, आणि बहुतेक वेळा त्याचा रोख सुनेच्या वजनावर असतो. "जरा बारीक हो, मग बघ" हा सल्ला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुलींनी भारतातून आलेल्या फोनवर ऐकलेला असतो. या सल्ल्यात तथ्य किती, नवऱ्याच्या वजनाचा आणि सवयींचा वाटा किती, आणि वजन उतरण्याची वाट किती दिवस पाहावी, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. नियमांबद्दल जे लिहिले आहे ते मुख्यतः इंग्लंडचे आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

आधी थोडा हिशेब

स्त्रीचे वय चाळिशीच्या आत असेल आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असेल, तर शंभरातल्या ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणून लग्नानंतर सहा महिन्यांतच "काही बातमी?" असे विचारणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ब्रिटनमध्ये सुमारे सात जोडप्यांमागे एका जोडप्याला अडचण येते, म्हणजे ही गोष्ट तितकीशी दुर्मिळ नाही.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर जीपीकडे जावे. स्त्रीचे वय ३६ किंवा जास्त असेल, पाळी अनियमित असेल किंवा येतच नसेल, पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा क्षय झालेला असेल, किंवा पुरुषाच्या वृषणाची लहानपणी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर वर्षभर थांबू नये. क्षयाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जननमार्गाच्या क्षयाने गर्भनलिका बंद होऊ शकतात आणि भारतात वाढलेल्या स्त्रियांमध्ये हे कारण इथल्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळते. इथल्या डॉक्टरांच्या ते चटकन ध्यानात येईलच असे नाही, तेव्हा आपणच सांगावे.

एक साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. नवरा सोमवार ते शुक्रवार दुसऱ्या शहरात प्रोजेक्टवर, बायको हॉस्पिटलात रात्रपाळीला, शनिवार-रविवार घरकामात आणि पाहुण्यांत. स्त्रीबीज साधारण एक दिवस टिकते, शुक्राणू शरीरात चार-पाच दिवस तग धरू शकतात. अशा घरात वर्ष सरते, पण त्या वर्षातले योग्य दिवस मोजले तर हाताच्या बोटांवर मावतात. डॉक्टरांना "एक वर्ष झाले" म्हणताना हेही सांगायला हवे.

वजनाचा पाळीशी संबंध कसा?

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. चरबीच्या पेशी स्वतः संप्रेरके तयार करतात आणि इतर संप्रेरकांत बदलही करतात. वजन वाढले, विशेषतः पोटाभोवती, की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त इन्सुलिन तयार करते. जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडण्याचे काम अडते. पाळी लांबते, कधी दोन-तीन महिने येतच नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हे चक्र आधीपासूनच असते, वजनाने ते जोर धरते. पीसीओएस सडपातळ स्त्रियांनाही असतो, हे मात्र विसरू नये.

दुसऱ्या टोकाला फार कमी वजन. बीएमआय १९ च्या खाली असेल, जेवण अगदी मोजके आणि धावणे किंवा जिम भरपूर असेल, तर मेंदू अंडाशयाला संदेश पाठवणे कमी करतो आणि पाळी बंद पडते. अशा मुलींना "छान बारीक आहेस" म्हणून शाबासकी मिळते आणि कारण लक्षातच येत नाही. त्यांना चार-पाच किलो वाढवून, व्यायाम थोडा कमी करून पाळी पुन्हा येऊ शकते.

आपला बीएमआय वेगळा का वाचायचा

बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. इथल्या सर्वसाधारण तक्त्यात बीएमआय २५ ला वजन जास्त आणि ३० ला स्थूल धरतात. म्हणजे तिचे वजन ६४ किलोच्या वर जास्त आणि ७७ किलोला स्थूल. पण नाइस या संस्थेच्या शिफारशींत दक्षिण आशियाई लोकांसाठी याच रेषा २३ आणि २७.५ वर आहेत. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला त्या ५९ आणि ७० किलोवर लागतात. हा फरक थोडाथोडका नाही.

यामागे पुण्याचे एक नाव आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय' विरोधाभास म्हणतात. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी ठेवण घरोघरी दिसते. वजनकाट्यावर ती सापडत नाही, टेपवर सापडते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही नाइसची सोपी कसोटी आहे. १६० सेंटीमीटर उंचीला ८० सेंटीमीटरच्या आत.

इथे एक गोंधळ होतो, तो टाळायला हवा. २३ आणि २७.५ या रेषा मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका ओळखण्यासाठी आहेत. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, उपचारांसाठी नाइसने धरलेली बीएमआयची इष्ट मर्यादा १९ ते ३० अशी आहे. म्हणजे बीएमआय २६ असलेल्या स्त्रीला त्या कारणाने कोणी अडवणार नाही. पण गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचा धोका तिला आहेच. आपल्याला तो धोका मुळातच जास्त, म्हणून दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रीला गरोदरपणात २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेचे पाणी पाजून रक्त तपासतात.

नवरे मंडळींसाठी

हा भाग मोठा लिहिला आहे, कारण सल्ल्यांमध्ये तो सर्वांत छोटा असतो. मूल न होण्याच्या कारणांत सुमारे ३० टक्के जोडप्यांत दोष पुरुषाकडे आढळतो, आणि साधारण ४० टक्के जोडप्यांत दोघांतही काहीतरी सापडते. तरीही बायकोच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, दोन-दोन स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन जातात आणि नवऱ्याची वीर्यतपासणी अजून बाकीच असते! ही तपासणी सर्वांत सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. त्यात दोष आढळला तर घाबरून जाऊ नये. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, कारण शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात. आज सुधारलेली सवय म्हणूनच तीन महिन्यांनी अहवालात दिसते, आज घेतलेली सिगरेटही.

वजन वाढले की पुरुषाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर जास्त होते, मांड्यांमधली उष्णता वाढते आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रास जडतो. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा डुलक्या देणारा नवरा हा विनोदाचा विषय नाही, जीपीला सांगण्याचा विषय आहे. मधुमेह असेल तर त्याचा परिणाम संबंध ठेवण्याच्या क्षमतेवरही होतो, आणि या बाबतीत आपले पुरुष डॉक्टरांपुढे मुळीच तोंड उघडत नाहीत.

वृषणे शरीराबाहेर असतात ती थंड राहावीत म्हणूनच. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन् तास बसणे, जिममधला सौना, गरम पाण्याचे टब, यांनी तापमान वाढते. सैल अंतर्वस्त्रांनी मूल होण्याची शक्यता नक्की वाढते असे सिद्ध झालेले नाही, पण त्यात तोटाही काही नाही. बसून काम करणाऱ्याने तासातून एकदा उठावे.

सगळ्यांत घातक सवय तरुणांना माहीतच नसते. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती थेट बंद पाडतात. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना काम करायला सांगतच नाही. दिसायला पिळदार आणि अहवालात शुक्राणू शून्य, अशी स्थिती होऊ शकते. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. डॉक्टरांना हे लपवू नये.

तंबाखू कोणत्याही रूपात नको, मग ती सिगरेट असो, गुटखा असो किंवा गावाकडून पिशवीत आलेली. दारूबाबत इथला अधिकृत सल्ला असा आहे की मूल हवे असलेल्या स्त्रीने मुळीच घेऊ नये आणि पुरुषाने आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये. १४ युनिट म्हणजे मध्यम ताकदीच्या बिअरचे सुमारे सहा पिंट.

किती उतरवायचे, आणि किती थांबायचे

ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे आणि पाळी अनियमित आहे, त्यांना आदर्श बीएमआय गाठण्याची गरज नसते. वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. ८० किलोला चार ते आठ किलो. हे सहा महिन्यांत जमण्यासारखे आहे.

पाळी नियमित असेल, बीज दर महिन्याला सुटत असेल, तर वजन उतरवल्याचा फायदा इतका स्पष्ट नाही. नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांना उपचारांआधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांवर लगेच उपचार सुरू केले. कार्यक्रमातल्या स्त्रियांत नैसर्गिकपणे दिवस राहण्याचे प्रमाण जास्त होते, २६ टक्के विरुद्ध १६ टक्के. पण दोन वर्षांत निरोगी मूल पूर्ण दिवसांनी नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त नव्हते, उलट कमीच होते. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही उपचारांआधी झपाट्याने वजन उतरवणाऱ्या स्त्रिया नुसता व्यायाम वाढवणाऱ्या स्त्रियांच्या पुढे गेल्या नाहीत.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. वजन कमी केल्याने प्रकृती सुधारते, गरोदरपण सुरक्षित होते, एनएचएसचे उपचार मिळण्याची वाट मोकळी होते. पण वय थांबत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीने वजनासाठी वर्ष घेतले तर फारसे बिघडत नाही; सदतीस वर्षांच्या स्त्रीने दोन वर्षे घेतली तर जे हातातून जाते ते कोणत्याही डाएटने परत येत नाही. म्हणून तपासण्या आणि वजन दोन्ही एकाच वेळी सुरू करावे. "आधी दहा किलो कमी करा, मग तपासू" असे कोणी म्हटले तर निदान रक्ततपासण्या आणि नवऱ्याची वीर्यतपासणी आताच करून द्या, असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. गर्भनलिका बंद असतील तर वीस किलो उतरवूनही त्या उघडणार नाहीत.

खाणेपिणे

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. म्हणजे महागड्या पावडरी आणि पॅकेज विकत घेण्याचे कारण नाही. जो आहार वर्षभर पाळता येईल तो चांगला. आपल्या पानात काय कमी आणि काय जास्त ते पाहिले तरी पुरे. भात, पोळी, बटाटा आणि वर गोड असे एकाच जेवणात नको. मटकी-मुगाची उसळ, पिठले, दही, अंडी, मासे वाढवावेत. ज्वारी-नाचणीचे पीठ आता वेम्बली, हाउन्स्लो, लेस्टरच्या दुकानांत सहज मिळते. उपवास हा आपल्याकडचा मजेशीर प्रकार! संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन आपण उपवास केला असे समजतो, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. वऱ्याचे तांदूळ आणि ताक बेताने घेतले तर उपवासही होतो आणि पोटही हलके राहते.

चहाबद्दल बरेच जण विचारतात. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफिन असावे असा सल्ला आहे. एका मग चहात साधारण ७५ आणि इन्स्टंट कॉफीच्या मगात १०० मिलिग्रॅम असते. आपण पावडर उकळून चहा करतो, त्यामुळे दोन मगांवर थांबलेले बरे.

स्त्रीने मूल हवे असे ठरवल्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, गरोदरपणाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, तर ५ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टर लिहून देतात. आपल्या सावळ्या त्वचेला इथले ऊन पुरत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व १० मायक्रोग्रॅम रोज, वर्षभर. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने केलेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. दोघांनी मिळून चालावे. थंडी-पावसाची सबब नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पुरते, म्हणून घरात करण्यासारखे काहीतरी हाताशी असावे, सूर्यनमस्कारही चालतील.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल

वेगोवी, ओझेम्पिक, मौंजारो ही नावे आता घराघरांत पोहोचली आहेत, आणि ऑनलाइन फार्मसीतून परस्पर घेणारेही आहेत. ही औषधे गरोदरपणात घ्यायची नाहीत. मूल होण्याचा प्रयत्न सुरू करण्याआधी सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी आणि ओझेम्पिक, दोन महिने आणि टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, एक महिना बंद करावे, असे ब्रिटिश औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये सांगितले. वजन उतरू लागले की बंद पडलेली पाळी अचानक सुरू होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. मौंजारोमुळे जास्त वजनाच्या स्त्रियांत गर्भनिरोधक गोळीचा प्रभावही कमी होऊ शकतो, म्हणून औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखे साधनही वापरायला सांगतात.

जीपीकडे जाताना

दोघांनी जावे. गेल्या सहा-आठ महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. बीज सुटते की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' करतात, पण हा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा आहे. पाळी पस्तीस दिवसांची असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी व्हायला हवी. चुकीच्या दिवशी रक्त दिले की अहवाल विनाकारण वाईट येतो. थायरॉइड आणि साखरेची तपासणी मागून घ्यावी. मधुमेह असेल तर दिवस राहण्यापूर्वी एचबीए१सी ४८ च्या खाली आणावा. तो ८६ च्या वर असताना गर्भधारणा टाळा असेच सांगतात.

एनएचएसचे आयव्हीएफ स्थानिक आरोग्य मंडळाच्या, म्हणजे आयसीबीच्या, नियमांवर अवलंबून असते आणि शेजारच्या भागातला नियमही वेगळा असू शकतो. अनेक ठिकाणी स्त्रीचा बीएमआय ३० च्या आत, दोघेही धूम्रपान न करणारे आणि दोघांपैकी कोणालाही आधीचे मूल नसणे, अशा अटी असतात. आपल्या आयसीबीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, ते आधीच वाचून ठेवावेत.

व्हिसावर असलेल्यांनी हे जरूर वाचावे. व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारात (२०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड) इंग्लंडमध्ये गर्भधारणेसाठीचे साहाय्यक उपचार येत नाहीत. २१ ऑगस्ट २०१७ पासून हा नियम आहे. कायमस्वरूपी राहण्याचा परवाना मिळाल्यावर परिस्थिती बदलते, पण तोवर बरीच वर्षे आणि वय दोन्ही पुढे गेलेले असते. जीपीला भेटायला मात्र याने अडथळा येत नाही. पुढच्या कोणत्या तपासण्या मोफत आणि कोणत्या नाहीत, दोघांपैकी एकाचाच व्हिसा असेल तर काय, हे हॉस्पिटलकडून लेखी विचारून घ्यावे.

याच कारणाने पुष्कळ जोडपी उपचारांसाठी पुण्या-मुंबईला जातात. भारताच्या २०२१ च्या कायद्यानुसार या उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते आणि दवाखाना नोंदणीकृत असावा लागतो. चार आठवड्यांच्या रजेत सारे उरकायचे म्हणून गर्भाशयात एकाहून जास्त गर्भ सोडण्याचा आग्रह धरू नये. जुळ्यांचे गरोदरपण अवघड असते आणि वजन जास्त असेल तर अधिकच. परत आल्यावर प्रसूतीची सेवा आरोग्य अधिभारात येते, ती नाकारली जात नाही. येताना दवाखान्याकडून इंग्रजीत लिहून आणावे : गर्भ कोणत्या तारखेला सोडले, किती सोडले, कोणती औषधे कोणत्या मात्रेत चालू आहेत आणि ती कधी थांबवायची. पहिल्याच भेटीत मिडवाइफ हेच विचारते.